पेज कोणी ठेवली?

आमच्या सिनेमा मंडळाला नाव नाही. नाव ठेवायचं म्हटलं तेव्हा दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. मग मी सांगून टाकलं, जागा माझी, पडदा माझा, खुर्च्या माझ्या, आता नाव नको. वेंगुर्ल्यात माझा दातांचा दवाखाना आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी वेटिंग रूममधलं टेबल बाहेर काढलं की पंधराएक माणसं आरामात मावतात. भिंतीवर दात कसे घासावेत याचं मोठं पोस्टर आहे. पडदा त्याच्यावरच सोडतो.

सिनेमा निवडणं हे खरं काम. ‘डोकं चक्रावून टाकणारा सिनेमा सांग’ म्हटलं की जो तो तेच ते दहा सांगतो. ज्यांनी ते पाहिलेत त्यांना शेवट पाठ असतो, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना तो शेजाऱ्याने सांगितलेला असतो. मग चर्चा काय करणार, कपाळ? मला हवे असतात बाजूला पडलेले. त्यासाठी मी लोकांनी दिलेले तारे बघते. सगळ्यांनीच बरा म्हटलं असेल तर तो सिनेमा सोडून द्यायचा. निम्म्यांनी डोक्यावर घेतलाय आणि निम्म्यांनी पैसे परत मागितलेत, असा दिसला की तो आपला. एकदा आम्ही एका कारकुनाची गोष्ट पाहिली. तो रोज ऑफिसचं दार उघडतो आणि कालच्या दिवसात शिरतो. एकदा एक बाई होती, तिला शेजारणीचं उद्याचं बोलणं आजच ऐकू यायचं. तो सिनेमा बघून आमच्या रश्मीने, म्हणजे बँकेतल्या, स्वतःच्या शेजारणीशी महिनाभर अबोला धरला होता.

निवड पाळीपाळीने होते आणि त्याला एक नियम आहे. ज्याने सिनेमा निवडला त्याने का निवडला ते सांगायचं नाही, आपण निवडला हेसुद्धा सांगायचं नाही, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. शेवटचा शब्द मात्र त्याचा. हा नियम मितेशमुळे करावा लागला. तो संशोधन केंद्रात काजूच्या रोपांवर काम करतो आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्याचा अर्थ समजावून देतो.

सत्यवानदादा वर्षभरापूर्वी मंडळात आले. त्यांचा काजूचा कारखाना आहे, पंधरा-वीस बायका कामाला आहेत, गावात वजन आहे. ते शेवटच्या रांगेत, कॉम्प्रेसरच्या बाजूच्या खुर्चीत बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. रश्मीचं म्हणणं होतं की ते एसीसाठी येतात. मलाही तसंच वाटायचं, आणि त्याचा थोडा रागही यायचा. दाद न देणारा माणूस मला दातदुखीपेक्षा नकोसा होतो.

मार्चमध्ये त्यांची दाढ भरली. काम संपलं, मी हातमोजे काढले आणि त्यांना म्हटलं, आता तासभर बोलू नका, तोंड बधीर आहे, जीभ चावली जाईल. नेमके तेव्हाच ते बोलायला लागले.

“डॉक्टरानू, पुढच्या म्हयन्यात माका एक सिनेमा लावचो आसा,” ते म्हणाले. “माझ्या झिलान काढलेलो आसा.”

मी हातातला चिमटा खाली ठेवला. सत्यवानदादांना मुलगा आहे हे मला माहीत होतं. तो सिनेमे काढतो हे माहीत नव्हतं. धनेश त्याचं नाव, मुंबईला असतो. घरी यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. सिनेमा दोन महोत्सवांत लागला, मग एका ॲपवर गेला आणि तिथेच पडून राहिला. सत्यवानदादांनी तो मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिला होता.

मी विचारलं, एवढंच असेल तर लावू की. त्यात अवघड काय?

“तेका फोनवर बोलवा. सिनेमा झाल्यार सगळ्यांवांगडा बोलूक. माझो फोन तो घेणा नाय, तुमचो उचलतलो. माका तेच्याशी एक बोलाचा आसा. पण मी हंय आसंय ह्या तेका सांगा नकात.”

काय बोलायचं आहे ते मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि बधीर गालावर हात ठेवून बाहेर गेले. खरं सांगायचं तर मला हे आवडलं नाही. बापलेकांच्या भांडणात माझा दवाखाना कशाला? पण वर्षभर मुका बसलेला माणूस मुलाशी एक वाक्य बोलता यावं म्हणून माझ्याकडे आला होता. नाही म्हणायला माझी जीभ वळेना.

सिनेमा मी आधी एकटीने पाहिला. नाव ‘वेशीच्या आत’. प्रेक्षकांचे तारे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हणजे ओळख नसती तरी मी निवडलाच असता, एवढं मला बरं वाटलं. मग धनेशला फोन केला. वेंगुर्ल्याचं नाव त्याने पुन्हा विचारून घेतलं. सिनेमा कोणी सुचवला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे निवडणाऱ्याचं नाव शेवटी कळतं, तसा नियमच आहे. तो हसला आणि हो म्हणाला.

रविवारी सोळा माणसं आली. सत्यवानदादा नेहमीच्या जागी बसले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

सिनेमा असा आहे. एक मुलगा सकाळी घराच्या माळ्यावरून खाली उतरतो आणि गावात कोणी नसतं. माणसं नाहीत, गुरं नाहीत, कोंबड्या नाहीत, कुत्रीसुद्धा नाहीत. दारं लावलेली. मुलगा हाका मारत फिरतो. घरी येतो तर चुलीवर टोपात तांदळाची पेज असते आणि चूल कोमट असते. तो पेज खातो. दुसऱ्या सकाळी उठतो तेव्हा तो तरुण झालेला असतो. गाव तसंच रिकामं, चुलीवर पुन्हा पेज. तिसऱ्या सकाळी तो म्हातारा असतो. पेज असतेच. त्या दिवशी वाजतगाजत सगळं गाव परत येतं आणि म्हाताऱ्याला कोणीच ओळखत नाही, कारण त्याच्या नावाचा मुलगा आईचं बोट धरून गर्दीत चाललेला असतो. शेवटी म्हातारा पुन्हा त्या पहिल्या रात्रीत शिरतो. माळ्यावर मुलगा झोपलेला आहे. म्हातारा चूल पेटवतो, पेज शिजवतो, टोप झाकून ठेवतो आणि निघून जातो.

दिवे लावले तेव्हा मितेश आधीच हसत होता. त्याने मोबाइलवर मोठ्या शहरांतली परीक्षणं शोधून ठेवली होती. कोणी लिहिलं होतं की रिकामं गाव म्हणजे स्थलांतर, कोणी लिहिलं होतं मृत्यूनंतरचं जग, एकाने तर महासाथीचं रूपक काढलं होतं. आमची सगळी खोली हसायला लागली. रूपक कसलं? गावपळण होती ती.

मालवणच्या बाजूला काही गावांत ही पद्धत आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर पडतं. माळावर खोपटी बांधून तीन दिवस तीन रात्री तिथे राहायचं. तेवढे दिवस गाव मागे राहणाऱ्यांचं, म्हणजे जे दिसत नाहीत त्यांचं. कोणी आत जायचं नाही, आत चूल पेटायची नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत. ज्यांनी खोपटीत दिवस काढलेत त्यांना ती सहलच वाटते, पोरं तर वाट बघतात. ज्याच्यासाठी शहरात डोकं खाजवावं लागलं ते आमच्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. याचा मला फार आनंद झाला. इतके महिने परक्यांच्या कोड्यांवर मान मोडत होतो, एकदा तरी कोडं आमच्या घरचं निघालं.

पण पेजेपाशी सगळे अडले. रश्मी म्हणाली, गावचा राखणदार असणार, पोरगं उपाशी कसं ठेवेल? मितेशने माझ्या औषधांच्या कागदावर वर्तुळं काढून दाखवलं की म्हातारा म्हणजेच मुलगा, त्याने स्वतःच स्वतःला वाढवलं, काळ गोल आहे. लोकांनी माना डोलावल्या. मी भडकले. सिनेमा मला आवडला होता, पण तो शेवट बघून माझा जीव गुदमरला होता. म्हटलं, तुम्हाला वर्तुळ दिसतं, मला असं पोर दिसतं की ज्याला जगात दुसरं कोणी आठवतच नाही. आपल्या पेजेला शेवटी आपणच, हा काय शेवट झाला? मागे सत्यवानदादा खाली बघत होते.

मग मी धनेशला व्हिडिओ कॉल लावला. लॅपटॉप स्टुलावर, तोंड पुढच्या रांगेकडे. मागची रांग त्याला दिसत नव्हती. चाळिशीचा, दाढीत पांढरे केस, बोलायला मोकळा. गावपळण ओळखली म्हणून खूश झाला. रश्मीने लगेच विचारलं, पेज कोणी ठेवली?

“त्यानेच, आणखी कोणी?” धनेश म्हणाला. “दुसरं कोणी आलंच नव्हतं. मला माहीत आहे, कारण तो मुलगा मी आहे.”

आणि त्याने सांगितलं. तो नऊ वर्षांचा होता, तेव्हा ते मालवणकडच्या गावी राहायचे. माणसं गेल्यावर गावात काय चालतं ते बघायचं म्हणून माळ्यावर लपला. आईला वाटलं बापाबरोबर आहे, बापाला वाटलं आईबरोबर. संध्याकाळी खोपटीत उलगडा झाला. वडील गावचे मानकरी, वेशीवर देवाला गाऱ्हाणं घालून गाव बंद केलं ते त्यांनीच. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की धनेश आरोंद्याला मामाकडे गेलाय. तीन रात्रींनंतर गाव परतलं तेव्हा वडिलांनी त्याला परसात नेऊन एक थोबाडीत मारली आणि बजावलं, कोणी विचारलं तर आजच्या एसटीने आलो म्हणायचं. पुढच्या पावसात आई तापाने गेली. मग वडिलांनी त्याला खरंच आरोंद्याला धाडला, तो कायमचा.

“म्हणजे मी आत आहे हे त्यांना पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं,” धनेश म्हणाला. आवाज साधाच होता, पुष्कळदा सांगून सरावलेला. “त्यांनी मान राखला. मुलगा राखला नाही.”

 मी विचारलं, पण मग पेज? पेज खरी होती की सिनेमापुरती?

तो म्हणाला, आता नाही सांगता येत. आठवतं तर आहे, पण नऊ वर्षांचं उपाशी पोर, भासही झाला असेल. सिनेमाला उत्तर हवं होतं. दुसरं कोणी सुचेना, म्हणून स्वतःलाच उभं केलं.

आमच्या नियमाप्रमाणे आता निवडणाऱ्याची पाळी होती. मी तसं म्हणाले आणि मागे बघितलं नाही. सत्यवानदादा उठले नाहीत. बसल्या जागेवरून बोलले.

“त्या पेजेक मीठ नव्हता.”

धनेशचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी थांबला. मला वाटलं रेंज गेली. मग त्याचे ओठ हलले.

“हे सिनेमात नाहीये,” तो म्हणाला. “मी हे कोणालाच... कोण बोलतंय?”

सत्यवानदादा खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. मितेशने उठून आपली खुर्ची त्यांना दिली. ते बसले, लॅपटॉपकडे नीट बघितलं, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं.

“तुझ्या आवशीन तांदूळ बांधून दिल्यान,” ते म्हणाले. “मीठ देवक इसारली.”

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं, कोणाची तक्रार सांगावी तसं नाही, काजूची खेप कशी पाठवली ते सांगावं तसं. निजानीज झाल्यावर ते वेशीतून आत गेले. मुलगा माळ्यावर झोपला होता. त्याला उचलून बाहेर आणायचं मनात होतं, पण आणला असता तर पळण मोडली ती पोराने, असं गाव म्हणालं असतं. पुढे जे जे वाईट घडलं असतं ते त्याच्या माथी बसलं असतं, जन्मभर. उठवलाही नाही, कारण नऊ वर्षांचं पोर चार दिवसांत बोलून जाणार. म्हणून पहाटेपर्यंत माळ्याच्या शिडीपाशी बसून राहिले. पेज शिजवली, चूल विझवली, बाहेर पडले. तिन्ही रात्री तसंच. एवढ्या गावात कोणाला कळलं नाही, फक्त धनेशच्या आईला.

धनेशने विचारलं, मग नंतर का नाही सांगितलं? एवढ्या वर्षांत एकदाही?

सत्यवानदादांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. 

“वर्साच्या आत ती गेली,” ते म्हणाले. “गाव म्हणाक लागला, पळण कोणीतरी मोडल्यान. मोडलंय ती मी. तुका सांगलंय असतंय तर तू म्हटलं असतंस, मी लपलंय म्हणान आवस गेली. तेच्यापेक्षा माझो राग केलेलो बरो.”

रश्मी रडत होती. मी डॉक्टर आहे, ताप कशाने येतो हे मला ठाऊक आहे. पळण मोडून बाई मरत नाही हे मी त्यांना सांगू शकले असते, आणि त्यांनाही ते बहुधा ठाऊक असावं. पण ठाऊक असून काय उपयोग? इतकी वर्षं त्यांनी मुलाचा राग खुशाल अंगावर घेतला होता. सिनेमात स्वतःला शोधलं आणि आपल्या जागी एक परका म्हातारा पेज शिजवताना पाहिला.  सगळ्यांना बाहेर घालवायला हवं होतं, पण कोणी हलेना, आणि मीही हलले नाही.

धनेशने चष्मा काढून बाजूला ठेवला होता.  मग बोलला तेव्हा त्याचं मुंबईचं मराठी गळून पडलं होतं.

“बाबा, दुसऱ्या दिवशीय मीठ नव्हता. आणि तिसऱ्याय.”

“दुसऱ्या दिवशी दिल्यान होता तिना मीठ,” सत्यवानदादा म्हणाले. “पण पयल्या दिवसाची पेज तू टोप पुसून खाल्लं होतंस. माका वाटला, तुका तशीच आवाडता. म्हणान मीठ घालूक नाय.”